उपडी घागर

बडोद्याच्या आसपासच्या एखाद्या कारखान्यात तुम्ही कधी गेला असाल, तर माझी कवटी तुम्ही नक्की पाहिलेली आहे. ट्रान्सफॉर्मरच्या जाळीवर, स्विचच्या खोलीबाहेर, ॲसिडच्या टाकीवर. लाल रंगातली, खाली दोन हाडं तिरपी टाकलेली. कवट्या आमच्या धंद्यात सगळेच काढतात, पण आमच्या गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतल्याच एका दुसऱ्या कारखानदाराची कवटी हसते. मी त्याला तोंडावर सांगितलं होतं, "भाई, तुमची कवटी बघून माणूस घाबरायचा नाही, उलट केम छो म्हणेल." माझी हसत नाही. एका वीज निरीक्षकाने ती पाहून "बेन, आ बराबर छे" असा शेरा दिला होता, आणि मला आजवर मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत त्याचा नंबर बराच वरचा आहे.

शिकले होते मी चित्रकला. इथल्याच विद्यापीठात. सयाजीगंजातल्या हॉटेलांत सेव-उसळ खात आम्ही सगळ्या जणी मोठमोठ्या गप्पा मारायचो, आणि त्यातल्या दोघी-तिघी खरंच मोठ्या झाल्या. त्यांची प्रदर्शनं लागायची तेव्हा मी हातावरचे पिवळे डाग घासून, बरी साडी नेसून जायचे. कोणी विचारलंच, "तू काय करतेस हल्ली?" तर सांगायचे, "पाट्या." त्या क्षणापुरतं वाईट वाटायचं. वाटत नव्हतं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण घरी येऊन पुन्हा कामाला लागलं की ते जायचंही.

पाट्यांचा धंदा म्हणजे काय ते आधी सांगते. कोणताही पंप, मोटर, बॉयलर घ्या, त्याच्या अंगावर कुठेतरी तळहाताएवढा पत्रा ठोकलेला असतो. कोणी बनवलं, कधी बनवलं, किती दाब सोसेल, कसला धोका आहे, हे सगळं त्यावर असतं. तो पत्रा निघून गेला की मशीन मुकं होतं. आम्ही तो पत्रा बनवतो. पितळ किंवा स्टेनलेस स्टील घ्यायचं, जिथे अक्षर नको तिथे रंगाचा थर चढवायचा, आणि पत्रा फेरिकच्या द्रावणात सोडायचा. उघडा राहिलेला धातू द्रावण खात जातं आणि अक्षर खोल उतरतं. मग धुवायचं, खाचांत रंग भरायचा, भट्टीत भाजायचं. हात कायमचे पिवळे होतात. आता सगळे स्टिकर लावतात, स्वस्त पडतात. पण विश्वामित्री नदीचं पाणी एकदा कारखान्यांत शिरलं आणि ओसरलं, तेव्हा स्टिकर चिखलाबरोबर गेले होते आणि माझे पत्रे हाताने पुसल्यावर जसेच्या तसे होते. त्या आठवड्यात मी जरा जास्तच ताठ चालत होते.

माझे मुख्य कारागीर रमणभाई. जवळच्या पादरा गावचे. फेरिकचा पत्रा नेमका कधी बाहेर काढायचा हे ते वासावर ओळखतात असं ते म्हणतात. घड्याळ लावलेलं असतं हे मला माहीत आहे, पण मी कधी काही बोलले नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकाने नव्या बंगल्यासाठी पितळी नावाची पाटी करून घेतली. वर स्वतःचं नाव, खाली मुलाचं, आणि त्याच्याखाली तीन ओळी रिकाम्या ठेवायला सांगितल्या. मी म्हटलं, "हे कशाला?" तर म्हणाला, "नातू, पणतू, खापरपणतू. नंतर कोरून घेऊ." मुलाचं लग्नही ठरलेलं नव्हतं. तो मुलगा शेजारी उभा होता, बिचारा जमिनीत जायला जागा शोधत होता. मी गिऱ्हाइकाची टिंगल करत नाही, निदान समोर तरी. पण रात्री जेवताना मला त्या तीन रिकाम्या ओळी आठवल्या आणि हसू आलं नाही. तो माणूस ज्यांची नावंही ठरलेली नाहीत त्यांच्यासाठी पितळ विकत घेत होता.

अशी गिऱ्हाइकं बघता बघता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दारातून आत येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारतो, "टिकेल ना?" शुक्रवारपर्यंत टिकेल अशी पाटी मागायला माझ्याकडे कोणी आलेलं नाही. आपण स्वतः किती टिकणार हे सगळ्यांना चांगलं माहीत असतं, तरी हा प्रश्न सुटत नाही. याचं कारण मी बरीच वर्षं मनाशी शोधत होते. ते मला गुप्तेसाहेबांच्या कामात सापडलं, म्हणून आज ती हकिकत सांगायला बसले आहे.

गुप्तेसाहेब रसायनांच्या कारखान्यातले निवृत्त अधिकारी. बारीक चणीचे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. एका दुपारी स्कूटरवरून आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, तुमची पाटी किती टिकते?"

मी नेहमीचं उत्तर दिलं, "तुमच्या नातवंडांनाही वाचता येईल."

"मला मूलबाळ नाही. हजार वर्षांचं बोला."

"हजार वर्षांनी तक्रार घेऊन कोण येणार आहे माझ्याकडे?"

ते हसले नाहीत. "येण्याच्या अवस्थेत राहणार नाही कोणी. म्हणून तर आलोय," म्हणाले आणि खुर्चीत बसले.

त्यांची गोष्ट अशी होती. पादऱ्याच्या पुढे एका गावाला लागून त्यांचा कारखाना होता. गावाचं नाव मी सांगत नाही, कारखान्याचंही नाही. कारखाना केव्हाच बंद पडला, मालक गेले, यंत्रं भंगारात गेली. पण उत्पादनातून उरलेला विषारी गाळ त्या काळच्या रीतीप्रमाणे तिथेच आवारात पुरलेला होता. मोठा खड्डा, तळाला चिकणमाती, त्यावर जाड प्लास्टिक, मग गाळ, पुन्हा प्लास्टिक, आणि वर माती. जागा गुप्तेसाहेबांनी निवडली होती, खड्डाही त्यांच्याच देखरेखीखाली झाला होता. वर आता हिरवं गवत होतं आणि पोरं क्रिकेट खेळत होती.

"क्रिकेटने काही होत नाही," ते म्हणाले. "वरची माती चांगली आहे. पण कोणी खणलं, प्लास्टिक फाटलं, तर ते सगळं खालच्या पाण्यात उतरेल. अख्ख्या गावाच्या विहिरींत. आज गावाला माहीत आहे, म्हणून कोणी खणत नाही. आजची माणसं गेली की कोणाला कळणार? माणूस म्हातारा होतो ताई, हे विष होत नाही."

"पण तुम्ही का एवढं लावून घेता?" मी विचारलं. "कंपनी नाही, सरकार विचारत नाही, पुढे तुमचं कोणी राहणार नाही तिथे."

त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बोट केलं. "हे आजव्याचं पाणी. तो तलाव बांधणाऱ्यांनी माझं नाव विचारलं होतं? मी जन्मलो पण नव्हतो. आयुष्यभर प्यालो." मग त्यांच्या खऱ्या कारणावर आले. "आणि दुसरं म्हणजे, मी केमिस्ट आहे. बाटलीला लेबल न लावता प्रयोगशाळेतून बाहेर पडायचं नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. माझी एवढी मोठी बाटली जमिनीत बिनलेबलची पडली आहे. मला झोप लागत नाही."

हे मला एकदम पटलं. आमच्या घरी माझी आत्या होती, बाबांची थोरली बहीण. स्वयंपाकघर तिचं राज्य. शाळेतून येऊन आत घुसायला गेलं की ती उंबऱ्यात उभी राहून तळहात वर करायची. एक शब्द नाही. हात धुऊन आल्याशिवाय वाट मिळायची नाही. आणि रात्री स्वतः कितीही दमलेली असली तरी ओटा पुसून, भांडी झाकून, विळी भिंतीकडे वळवून मगच निजायला जायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "सकाळी अंधारात कोणीतरी येणारच आहे आत. त्याचा पाय पडायला नको." कोण येणार याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. बहुतेक वेळा तीच असायची.

काम घेतलं. ग्रामपंचायतीची परवानगी गुप्तेसाहेबांनी आधीच मिळवली होती. सरपंच कोकिलाबेन म्हणून होत्या, दूध मंडळीचं, म्हणजे गावच्या दूध सोसायटीचं कामही त्याच बघायच्या. आता प्रश्न होता, लिहायचं काय आणि कोणत्या भाषेत?

मी आयुष्यभर अक्षरांवर जगले, तरी मला अक्षरांची खात्री देता येईना. माझे आजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून होते. त्यांचं मोडीतलं अक्षर इतकं सुंदर आहे की मी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं आहे. आणि मला त्यातला एक शब्द वाचता येत नाही. हजार वर्षं राहू द्या, सख्ख्या आजोबांपासून नातीपर्यंत येताना लिपी गेली. मी गुप्तेसाहेबांना ती फ्रेम दाखवली तेव्हा ते कितीतरी वेळ तिच्यासमोर उभे राहिले. गुजराती, हिंदी, इंग्रजी तर कोरायचंच, पण चित्र हवं असं ठरलं.

मी अर्थातच कवटी सुचवली. रमणभाईंनी मान हलवली. "बेन, कवटी जोईने लोको कहेशे के बावाजीनी समाधी छे. नाहीतर म्हणतील खाली धन आहे." मला राग आला, पण मुद्दा बरोबर होता. मग मी तीन चौकटींचं चित्र काढलं. पहिल्यात माणूस खणतो, दुसऱ्यात पाणी पितो, तिसऱ्यात मरून पडतो. ते घेऊन आम्ही गोरव्याच्या चहाच्या टपरीवर गेलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अर्थ विचारला. एक रिक्षावाला बराच वेळ बघून म्हणाला, "फार्महाउसची जाहिरात ने? खोदकाम तैयार, पाणी मीठुं, पछी आराम." गुप्तेसाहेबांनी चहा तसाच ठेवला आणि स्कूटरकडे चालू लागले.

शेवटी मी सगळं बाजूला ठेवलं आणि आत्याला आठवून एक बाई काढली. सरळ उभी. उजवा हात वर, तळहात समोर, थांबा म्हणणारा. डाव्या हातात उपडी घागर. इथे पाणी नाही, हे कोणत्याही काळातल्या माणसाला कळावं. चेहरा आत्याचाच, ओठ मिटलेले, नजर थेट. काळ्या दगडात ती कोरून घेतली आणि पायाशी स्टीलची पाटी घट्ट बसवली, 'येथे खोदू नका, पाणी काढू नका, जमिनीत विष आहे', तीन भाषांत. रंग भरलाच नाही, रंग जातो. अक्षरं इतकी खोल घेतली की आंधळ्यालाही बोटांनी वाचता यावीत. मी जन्मात केलेलं ते सर्वात चांगलं चित्र आहे. माझ्या प्रदर्शनं लावणाऱ्या मैत्रिणींपैकी एकीनेही असं काही केलेलं नाही, हे मी बिनदिक्कत लिहिते.

दगड बसवला त्या दिवशी गावातल्या बायका जमल्या होत्या. आणि आता जे झालं ते आमच्याकडे कोणत्याही कारखान्यात झालं असतं. नवं मशीन बसलं, पाटी लागली, की कुंकू लावायचं, उदबत्ती लावायची, नारळ फोडायचा. त्याशिवाय बटण दाबायला कोणाचा हात धजत नाही. रमणभाईंच्या हाताला ती सवयच. त्यांनी दगडातल्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं, पायाशी नारळ फोडला, आणि खोबरं सगळ्या बायकांना वाटलं. मीही हात जोडले. गुप्तेसाहेबांनी सुद्धा, आणि पायांतले बूट काढून.

पुढचं वर्षभर साहेब खूश होते. अधूनमधून स्कूटरवरून येऊन लीलो चेवडो, म्हणजे इथला हिरवा चिवडा, देऊन जायचे. झोप लागते म्हणाले. दिवाळीच्या थोडं आधी म्हणाले, "चला ताई, आपलं लेबल बघून येऊ." रमणभाईंनी गाडी काढली.

लांबूनच लाल दिसलं. जवळ गेलो तर आत्या शेंदराखाली गेली होती. डोळ्यांच्या जागी चांदीचे डोळे, अंगावर चुनरी, गळ्यात झेंडूच्या माळा. स्टीलच्या पाटीवर तेल आणि शेंदराचा बोटभर थर. एक अक्षर दिसत नव्हतं. बायका नवस फेडायला आल्या होत्या. माझी आत्या, जिने जन्मभर कोणाला शेंगदाणासुद्धा मागितल्याशिवाय उचलू दिला नाही, ती लोकांना मुलं देत होती.

मला हसू फुटणार एवढ्यात कोकिलाबेन लगबगीने आल्या. उंच, कामसू बाई, बोलणं खणखणीत. "बेन, तमारा हाथमां जादू छे," म्हणाल्या. "आ तो हाजराहजूर माताजी छे." म्हणजे जागृत देवी. आणि मोठ्या आनंदाने त्यांनी बातमी दिली. गावाने ठरवलं होतं, माताजींना उघड्यावर ठेवायचं नाही. छोटी देरी, म्हणजे घुमटीएवढं देऊळ, बांधायचं. देवदिवाळी झाली की पाया खणायला घेणार. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हातपाय धुवायला तिथेच एक बोअर.

गुप्तेसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. ज्या एका जागी जगात कोणी भोक पाडू नये म्हणून आम्ही हा सगळा खटाटोप केला, नेमकी तीच जागा आमच्या दगडाने बोअरसाठी निवडून दिली होती.

"अहो, खाली विष आहे!" ते ओरडले. मग गुजरातीत, मग पुन्हा मराठीत. "तुम्हाला माहीत नाही का? मीच सांगितलं होतं ना!"

"खबर छे, साहेब," कोकिलाबेन शांतपणे म्हणाल्या. "पण ए तो पहेलां. माताजी आव्यां एटले झेर गयुं." माताजी आल्या म्हणजे विष गेलं. हात वर करून त्या अभय देताहेत, आणि घागर उपडी आहे कारण सगळं विष त्यांनी पिऊन टाकलं. माझ्या चित्राचा इतका सुसंगत अर्थ मलाही लावता आला नसता.

साहेब तापले. प्लास्टिक, भूजल, अंधश्रद्धा, अडाणीपणा, सगळे शब्द एकापाठोपाठ आले. शेवटच्या दोन शब्दांनी काम बिघडलं. बायकांनी पदर सावरले, दोन-चार पुरुष पुढे सरकले, आणि कोकिलाबेनचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. मी गिऱ्हाइकं आयुष्यभर हाताळली आहेत. चिडलेल्या माणसाला खरं सांगून उपयोग नसतो, आधी त्याला खुर्ची द्यावी लागते. खुर्ची नव्हती, म्हणून मी स्वतःच गवतावर बसले. गुडघे तेव्हा साथ देत होते. मी बसले तशा कोकिलाबेन बसल्या, आणि मग बाकीच्या बायका.

मी त्यांना माझ्या मोडक्यातोडक्या, बडोदे छापाच्या गुजरातीत आत्याची गोष्ट सांगितली. उंबऱ्यातला हात, धुतल्याशिवाय न मिळणारी वाट, झाकलेली भांडी, भिंतीकडे वळवलेली विळी. बायका हसल्या. अशी एक प्रत्येकीच्या घरात होतीच. म्हटलं, ही जी उभी आहे ती तीच. आशीर्वाद देत नाही, अडवते आहे. आणि घागर पिऊन उपडी केलेली नाही. इथलं पाणी घ्यायचं नाही म्हणून उपडी धरली आहे.

कोकिलाबेन माझ्याकडे रोखून बघत होत्या. "तो पछी आ माताजी नथी?"

मागे गुप्तेसाहेबांचा श्वास मला ऐकू येत होता. नाही म्हटलं असतं तर गावकऱ्यांनी दगड उचलून टाकला असता, किंवा मला. हो म्हटलं असतं तर बोअरचं मशीन आलंच असतं. आणि खरं सांगू, त्या शेंदराच्या, चांदीच्या डोळ्यांच्या मूर्तीकडे बघून नाही म्हणायला माझी जीभही रेटेना.

मी म्हटलं, "तमे मानो तो छे. पण मानो, तो एमनुं कह्युं पण मानवुं पडे." तुम्ही मानाल तर आहे. पण मानायचं असेल, तर ती सांगते तेही मानावं लागेल.

कोकिलाबेन उठल्या. पदराच्या टोकाने त्यांनी पाटी पुसायला घेतली. मूर्तीला हात लावला नाही, फक्त पाटी. शेंदूर हटेना, तेव्हा कोणीतरी गवताची मूठ दिली. घासता घासता अक्षरं उघडी पडली. रंग नव्हताच भरलेला, पण खाचांत शेंदूर बसला होता, त्यामुळे ती अशी लालभडक उठून दिसली की मी भट्टीत भाजूनही दिसली नसती. कोकिलाबेननी मोठ्याने वाचलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी पुन्हा वाचलं. मग बायकांकडे वळून, मंडळीत दुधाचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, "माताजीनी मनाई छे. देरी नहीं, बोर नहीं."

बायकांमध्ये कुजबुज झाली, आणि त्यातून जे निघालं ते माझ्या किंवा साहेबांच्या डोक्यात कधी आलं नसतं. एक म्हातारी म्हणाली, गावच्या मुलांना तर माहीत राहील, पण सुना बाहेरगावच्या, त्यांना कोण सांगणार? त्यांच्याकडे लग्नानंतर नवरा-नवरी उपरण्या-शेल्याची गाठ सोडायला माताजीकडे जातात. मग ठरलं की गावातली प्रत्येक नवी सून आधी इथे आणायची. तिने घरून रिकामी घागर आणायची, इथे उपडी ठेवायची, आणि थोरल्या बाईने तिला सांगायचं की इथे खणायचं नाही.

"आणि का नाही खणायचं, तेही सांगायचं," गुप्तेसाहेब मध्येच म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "माताजी कोपतील म्हणून नाही. खाली विष आहे म्हणून. कोणी पुरलं, तेही सांगा. नुसत्या भीतीला कोणीतरी धीट भेटतोच."

कोकिलाबेननी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना हात जोडले.

परतताना साहेब म्हणाले, "मी आयुष्यभर ज्याच्या विरुद्ध बोललो, तेच माझ्या लेबलाला डिंक म्हणून लावावं लागलं."

"चिकटलं ना?" मी म्हटलं.

"तुमच्या पाटीचं काय मग?"

"माझी पाटी टिकेल हो. ती वाचून दाखवणारं कोणी टिकायला हवं." हे बोलले आणि माझंच मला उत्तर मिळालं. 'टिकेल ना?' असं जे सगळे विचारतात, ते पत्र्याबद्दल विचारतच नसतात. पुढे वाचणारं कोणी असेल ना, असं त्यांना विचारायचं असतं. त्या तीन रिकाम्या ओळीवाल्याला तेच हवं होतं. आपण जे काही करतो, अगदी ओटा पुसतो तोसुद्धा, सकाळी कोणीतरी येणार आहे असं धरूनच करतो. कोणीच येणार नाही असं एकदा ठरलं, तर संध्याकाळचा चहासुद्धा गोड लागायचा नाही. गुप्तेसाहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "हं." केमिस्ट माणूस, पुराव्याशिवाय जास्त बोलायचा नाही.

गेल्या वर्षी ते गेले. झोपेतच गेले, आणि ते मला फार बरं वाटलं. पण एक चुटपुट राहिली आहे. त्यांना एकदा तरी लग्नसराईत तिथे न्यायचं होतं, ते जमलं नाही. आज नेऊ, उद्या नेऊ म्हणत राहिले.

म्हणून या मोसमात मी आणि रमणभाई दोघेच गेलो. माझ्या गुडघ्यांनी आता दगा दिला आहे, हातात काठी असते. योगायोगाने एक वरात तिथेच येऊन थांबली होती. दगडाभोवती उपड्या घागरी मांडलेल्या, काही नव्या, काही पार जुन्या होऊन फुटलेल्या. आत्याचा चेहरा आता शेंदरात कुठेच दिसत नाही, पण वर केलेला हात स्पष्ट आहे. पाटी मात्र लख्ख. घागर ठेवायच्या आधी ती पुसायची, असंही आता रीतीत आलं आहे.

नवी सून जेमतेम विशीची, डभोईकडची होती. कोकिलाबेन आता सरपंच नाहीत, पण सांगायला त्याच उभ्या होत्या. "नीचे झेर छे," त्या सांगत होत्या. कारखान्याचं. एका साहेबाने पुरलं होतं, आणि तोच साहेब नंतर सांगायला आला होता. साहेबाचं नाव त्यांनी घेतलं नाही, त्यांना आठवत नसावं. सुनेने मान डोलावली, घागर उपडी ठेवली, वाकून नमस्कार केला. सगळं दोन-चार मिनिटांत आटोपलं आणि वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

मला एकदम भरून आलं. साहेब असायला हवे होते, असं वाटलं आणि डोळे पुसायला रुमाल काढायचा म्हणून मी हातातली काठी बाजूच्या मऊ मातीत खुपसली.

"बा!"

मला आजी म्हणून हाक मारून ती नवी सून माझ्यासमोर उभी होती. मेंदीचा हात वर, तळहात माझ्याकडे, चेहऱ्यावर हसूबिसू काही नाही.

"अहीं लाकडी नहीं खोसवानी," ती म्हणाली.

मी काठी उचलली.